पत्र्याला आटे का धरवत नाहीत? मोटारीवरील सुट्या होणाऱ्या जोडांचा इतिहास

१/ मोटारीच्या टपावर कॅरियर, दारावर आरसा, पुढे जादा दिवा. पत्र्यावर काही बसवायचे म्हटले की आपण आधी स्क्रू शोधतो. तो स्क्रू रुतणार कशात, हा प्रश्न सहसा मागाहून सुचतो. शंभर वर्षांपूर्वी याच प्रश्नाने कारखानदारांना पेचात टाकले होते. त्याची तीन महत्त्वाची उत्तरे मोटारीच्या बाहेर जन्मली. एक स्वयंपाकघरात, दोन विमानावर. आजचा धागा त्यांविषयी.

२/ आधी अडचण समजून घेऊ. एम-६ या प्रचलित बोल्टच्या दोन आट्यांमधील अंतर १ मिलिमीटर असते. मोटारीचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा. म्हणजे पत्र्याला भोक पाडून त्यात आटे पाडले, तरी पुरता एक आटाही तेथे मावत नाही. बोल्ट जरा आवळला, की आटे गेलेच म्हणून समजावे.

३/ मोटारयुगाच्या आरंभी ही अडचण नव्हती. त्या काळच्या मोटारींचा वरचा साटा घोडागाडीच्या कारागिरीतून आला होता. आत लाकडी सांगाडा, वरून पत्रा. स्क्रू पत्रा भेदून लाकडात रुतत असे. लाकूड जाड आणि चिवट. एक भोक सैल झाले, तर शेजारी दुसरे पाडता येई.

४/ मग लाकूड गेले. एडवर्ड बड यांनी १९१२ साली फिलाडेल्फियात कंपनी स्थापन केली आणि पत्रे दाबून, एकमेकांना वेल्ड करून, संपूर्ण पोलादी साटे घडवले. डॉज बंधूंनी १९१४ साली आपल्या मोटारीसाठी तेच स्वीकारले. साटा मजबूत झाला, रंग भट्टीत तापवून पक्का करता येऊ लागला. मात्र स्क्रूला धरून ठेवणारा आधार त्या लाकडाबरोबर नाहीसा झाला.

५/ ‘मागून नट लावावा’, हे उत्तर सोपे वाटते. पण पोलादी साट्यात बंद पोकळ्या पुष्कळ. तेथे हात पोचत नाही, पाना तर नाहीच. कारखान्यात रंगाच्या आधीच नट वेल्ड करून ठेवता येतो. गाडी विकली गेल्यावर वेल्डिंग केले, तर भोवतालचा रंग जळतो आणि त्या जागी गंज शिरतो.

६/ पहिले उत्तर अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरातून आले. तेथील टिनरमन घराण्याचा व्यवसाय शेगड्यांचा. शेगडीच्या पत्र्यावर काचेसारखा चिनी मुलामा असे आणि बोल्ट आवळताना तो तडकत असे. १९२० च्या दशकात आल्बर्ट टिनरमन यांनी लवचीक पोलादी पट्टीचा नट बनवला. त्याचे नाव ‘स्पीड नट’.

७/ या नटाला जाडी नाही. दोन वाकवलेल्या जिभा बोल्टचे आटे पकडतात. आवळताना पट्टी स्प्रिंगसारखी ताणली जाते. त्यामुळे मुलाम्यावर दाब बेताचा पडतो आणि हादऱ्यांनी जोड सहसा सैल होत नाही. जाडीची उणीव लवचीकतेने भरून काढली, हे या कल्पनेचे सार. पत्र्याच्या कडेवर सरकवण्याची इंग्रजी ‘यू’ आकाराची क्लिप याच कुळातली.

८/ पण जेथे कडच नाही, तेथे काय? दुसरे उत्तर विमानाच्या पंखावर सापडले. थंड ढगांतून जाताना पंखाच्या पुढच्या धारेवर बर्फ साचे. तो फोडण्यासाठी ॲक्रन येथील बी. एफ. गुडरिच कंपनीने हवेने फुगणारे रबरी आवरण तयार केले. रबर झिजे, बदलावे लागे. आणि पंखाच्या पोटात हात जात नसे.

९/ म्हणून १९३० च्या दशकात गुडरिचने ‘रिव्हनट’ काढला. ही आतून आटे असलेली नळी. ती बाहेरूनच भोकात बसवायची आणि अवजाराने ओढायची. पत्र्यामागे तिला फुगवटा येतो आणि ती अडकून बसते. रबर बदलताना फक्त स्क्रू काढायचा, नळी तेथेच राहते. दोष एकच: भोक मोठे झाले, तर नळी बोल्टबरोबर फिरू लागते आणि मग बोल्ट धड निघतही नाही. आज षट्कोनी अंगाचे रिव्हनट मिळतात, ते यासाठीच.

१०/ तिसरे उत्तर वेगाचे. युक्रेनी प्रदेशात १८९५ साली जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या विल्यम झूस यांनी पाव फेऱ्यात उघडणारा जोड तयार केला. खिळ्याच्या अंगावरील नागमोडी खाच तारेच्या स्प्रिंगला अडकते. विमानाच्या इंजिनावरील झाकणे यामुळे झटपट उघडू लागली. खिळा झाकणालाच राहतो, त्यामुळे हरवत नाही की इंजिनात पडत नाही. पुढे शर्यतीच्या मोटारींनी तो उचलला. झूस यांनीच १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये ‘युक्रेनियन इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका’ स्थापन केली.

११/ या इतिहासातून निवडीचे तीन प्रश्न हाती येतात. पत्र्याची कड हाताशी आहे का? असेल तर क्लिप-नट पुरेसा. मागची बाजू बंद असून भार बऱ्यापैकी आहे का? मग रिव्हनट, मात्र भोक नेमक्या मापाचे हवे आणि त्याच्या उघड्या कडेला रंग लावायलाच हवा. वस्तू वारंवार काढायची आहे का? मग पाव फेऱ्याचा जोड.

१२/ चौथा प्रश्न मात्र तांत्रिक नाही: ती वस्तू कोणाला काढता यावी? भारतात १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली. महाराष्ट्रात पुढे जुन्या वाहनांनाही ती लावावी लागली. तिचे ‘स्नॅप लॉक’ एकदा बसले की तोडल्यावाचून निघत नाही. चोराला पाटी सहज बदलता येऊ नये, हा हेतू. स्क्रूच्या जागी मुद्दाम न उघडणारा जोड आला.

१३/ टिनरमन, गुडरिच आणि झूस या तिघांनीही दुरुस्ती करणाऱ्याचा हात डोळ्यांसमोर ठेवला होता. वस्तू झिजणार, बदलावी लागणार, आणि ती बदलताना मूळ पत्रा बिघडता कामा नये, हे त्यांनी गृहीत धरले. घरच्या गाडीचे बॉनेट उघडून पाहा. कोणता जोड तुमच्यासाठी आहे, कोणता केवळ कारखान्यासाठी, हे ओळखता येते का? सापडेल ते खाली जरूर लिहा.

(समाप्त)