लस सगळ्यांसाठी, मग नुकसान एकट्याचं का?

कोरोना सरत आला होता तेव्हाची गोष्ट. इंझोरीत पारावर बसलो होतो. लसीचा विषय निघाला. एका काकांनी विचारलं, "भाऊ, लसीनं कोनाले काई झालं, तं भरपाई कोन देते?" मी म्हणालो, "कोर्टात जावं लागते." काका हसले. "अन् थे सिद्ध कोन करन?"

तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. आणि तो सव्वाशे वर्षं जुना आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे लाखोंनी ती घेतली. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली, आणि बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेतली.

चौकशी आयोगाने प्रयोगशाळेवर ठपका ठेवला. हाफकिन यांचं काम सुटलं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, हे नंतर गाजलं. रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ पाठीशी उभे राहिले, १९०७ मध्ये डाग पुसला गेला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला हाफकिन यांचं नाव मिळालं. शास्त्रज्ञाला न्याय मिळाला, उशिरा का होईना. पण वाद गाजला तो 'चूक कोणाची' यावर. त्या १९ घरांची आठवण किती जणांना आहे?

चूक दिसली की सोपं असतं. ३१ जानेवारी २०२१ ला शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात १२ लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. लेकरं वाचली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. पण लस चांगली, टोचणारी ताई निर्दोष, तरी लाखांत एखाद्याला त्रास झाला, तर बोट कोणाकडे दाखवायचं?

२०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या एका वडिलांनी डॉक्टर मुलीचा मृत्यू लसीमुळे झाल्याचा दावा करत १००० कोटींच्या भरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालय गाठलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की लस ऐच्छिक होती, भरपाई हवी तर दिवाणी कोर्टात जा. ऐच्छिक? ऑगस्ट २०२१ मध्ये सामान्यांसाठी मुंबईची लोकल उघडली, ती दोन डोसवाल्यांनाच.

बाहेर वेगळा रस्ता आहे. ब्रिटनमध्ये १९७९ पासून कायदा आहे. लसीमुळे गंभीर अपंगत्व आलं तर एकरकमी मदत मिळते, आता १ लाख २० हजार पौंड. अमेरिकेने १९८६ मध्ये बालकांच्या लसींसाठी कायदा केला. तिथे लसीवरच छोटा कर लावून निधी उभा राहतो. कोणाची चूक हे सिद्ध करावं लागत नाही. लसीमुळे झालं का, एवढंच बघतात.

काही जण म्हणतील, असं लिहिलं तर लोक लसीला घाबरतील. मला उलट वाटतं. मी स्वतः डोस घेतले, घरच्यांनाही दिले. आपल्याकडे आशाताई दारोदार फिरल्या म्हणून लोक केंद्रावर गेले. लस घेणारा स्वतःसोबत गावालाही वाचवतो. मग त्याचं घर बसलं, तर गावाने, म्हणजे सरकारने, त्याच्या दारात जायला नको का? त्याने वकील शोधत फिरावं, हा कुठला न्याय?

तुम्हाला काय वाटतं, खाली लिहा.