खेळाडूंचे प्रकार आणि येवल्याचा पतंग

खेळांचे वर्गीकरण करण्याचा प्रयत्न जुना आहे. खेळणाराचे वर्गीकरण मात्र अलीकडचे. योहान हाइझिंगा यांनी १९३८ मध्ये संस्कृतीच्या मुळाशी क्रीडा असल्याचा सिद्धान्त मांडला. रोजे कायवा यांनी १९५८ मध्ये खेळांचे स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ असे चार वर्ग केले. या दोन्ही विवेचनांत खेळ हा विषय आहे, खेळाडू नव्हे. ती उणीव रिचर्ड बार्टल यांच्या १९९६ च्या निबंधाने भरून काढली. रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ मध्ये इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात अनेकांनी एकत्र खेळावयाचा, केवळ शब्दांत चालणारा संगणकीय खेळ आरंभिला व बार्टल यांनी तो पुढे वाढविला. अशा खेळांतून खेळाडूंस नेमके काय हवे असते, या प्रश्नाच्या उत्तरादाखल बार्टल यांनी चार प्रकार ठरविले: यश मिळविणारा, शोध घेणारा, सोबत इच्छिणारा आणि दुसऱ्यास नामोहरम करणारा.

एखाद्या वर्गीकरणाची खरी परीक्षा ते आपल्या जन्मक्षेत्राबाहेर नेल्यावर होते. त्यासाठी येवल्याचा पतंगोत्सव घेता येईल. भोगी, संक्रांत व कर या तीन दिवसांत हे पैठणीचे गाव गच्च्यांवर चढते. हलकडी वाजते, आसारी फिरते, काटाकाटी चालते. कापलेल्या पतंगांची संख्या मोजणारा, वाऱ्याचा कल अजमावणारा, केवळ गोतावळ्यासाठी वर आलेला आणि दुसऱ्याचा दोर तुटण्यातच आनंद मानणारा, असे चौघेही तेथे सहज ओळखू येतात. परंतु बहुधा ते चार निरनिराळे इसम नसतात. सकाळी वारा अजमावणाराच दुपारी पेच लढवितो आणि सायंकाळी आसारी धाकट्याच्या हाती देऊन गप्पांत रमतो. तेव्हा हे वर्ग माणसांचे नसून वृत्तींचे आहेत, असे म्हणणे अधिक युक्त होय. खुद्द बार्टल यांनीही २००३ च्या आपल्या ग्रंथात प्रकारांची संख्या आठ केली व खेळाडू एका प्रकारातून दुसऱ्यात जातो, हे मान्य केले.

एकाच मनात दोन वृत्ती एकाच वेळी नांदतात, याचा जुना दाखला आपल्याच परंपरेत आहे. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात रामकली रागातील एक पद संत नामदेवांच्या नावे आहे. त्यातील मुलगा कागदाची पतंग करून उडवितो आणि सोबत्यांशी बोलत असताही चित्त दोरीवर ठेवतो. तो सोबतीही इच्छितो आणि एकाग्रही असतो. शिवाय पतंग त्याने स्वतः केलेली आहे, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे.

या करणाऱ्यास मूळच्या चार वर्गांत स्वतंत्र घर नाही. बांबूच्या कामट्या तासणे, कागदाचा तोल साधणे, सुती दोऱ्यास काचेच्या भुकटीची खळ देऊन मांजा सुतणे, ही कामे आकाशातील खेळाची पूर्वतयारी नसून खेळाचाच पहिला भाग होत. येथे खेळाडू आपले साधन स्वतः घडवितो. २०११ मध्ये पूर्णरूपात प्रसिद्ध झालेल्या ‘माइनक्राफ्ट’सारख्या व्हिडिओ गेममध्ये ठोकळ्यांनी जग रचणारा मुलगा याच जातीचा.

या सर्जनशील अंगाचे महत्त्व ते लोपल्यावर कळून येते. नायलॉनचा मांजा तयार मिळतो, सहसा तुटत नाही. त्यामुळे जय हाताच्या कसबावर न राहता खरेदीवर अवलंबून राहतो. खेळाची मर्यादा ओलांडली की तो विकृत होतो, असे कायवा यांचे प्रतिपादन आहे. येथे ती मर्यादा शब्दशः ओलांडली गेली: ज्यांचा खेळाशी संबंध नाही अशा वाटसरूंचे गळे व पक्ष्यांचे पंख कापले गेले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१७ मध्ये अशा मांजावर देशभर बंदी घातली. तरी त्यानंतरही तो चोरून विकला जात राहिला. बंदीने विक्रीस आळा घालता येईल, परंतु मांजा सुतण्याची गोडी तिने उत्पन्न होणार नाही. नामोहरम करणारी वृत्ती प्रत्येक खेळात असतेच. घडविणारी वृत्ती तिच्या शेजारी असते तोवरच ती खेळाच्या मर्यादेत राहते. म्हणून खेळाडूंच्या कोणत्याही वर्गीकरणात करणाऱ्यास स्थान देणे अवश्य आहे.