ठिणगीचा हिशेब : डेट्रॉइट, १९७३

मोटारीतील काही सुधारणा ग्राहकाच्या मागणीने येतात, काही कायद्याच्या धाकाने. इलेक्ट्रॉनिक इग्निशन दुसऱ्या जातीचे. जनरल मोटर्सने ट्रान्झिस्टरवर चालणारे इग्निशन १९६३ मध्येच पर्याय म्हणून देऊ केले होते. ते सरसकट व्हायला आणखी बारा वर्षे लागली. मधल्या काळात काय घडले, त्याविषयी हा धागा.

आधीची व्यवस्था चार्ल्स केटरिंगची, १९१० च्या सुमाराची. डिस्ट्रिब्युटरमधला फिरता कॅम दोन पॉइंट उघडतो, कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातून प्लगला ठिणगी मिळते. दोषाचे मूळही तिथेच. पॉइंट जळतात, त्यांवर खड्डे पडतात. कॅमवर टेकलेली टाच झिजते, गॅप कमी होते आणि टायमिंग हळूहळू मागे सरकते. दर दहा-बारा हजार मैलांनी नवे पॉइंट घालावे लागत. मात्र हा बिघाड डोळ्यांना दिसे. गाडी आधी कुरकुरे, मग थांबे. आणि फिलर गेज व पॉलिश पेपर एवढ्या सामग्रीवर ती रस्त्याच्या कडेलाही पुन्हा चालू होई. (मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीवाल्यांना हे निराळे सांगायला नको.)

१९७० च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्याने ही सोय मोडीत काढली. धूरनियंत्रण पन्नास हजार मैल टिकणे आता बंधनकारक झाले. १९७५ च्या बहुतेक मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, आणि ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून तो भाजून निघे. झिजणारे पॉइंट त्या हिशेबात बसेनात. क्रायस्लरने १९७३ पासून, तर जनरल मोटर्सने १९७५ पासून इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट केले. ठिणगी जोरकस झाली, टायमिंग स्थिर राहिले, हवेला खरोखर लाभ झाला. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

बदलले ते बिघाडाचे स्वरूप. क्रायस्लरचा बॅलास्ट रेझिस्टर जळाला की इंजिन स्टार्टरवर सुरू होई आणि किल्ली सोडताच बंद पडे. जाणकार मालक एक जादा रेझिस्टर गाडीतच ठेवत. तो निदान स्वस्त होता. फोर्डने १९८० च्या दशकात इग्निशन मोड्यूल थेट डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे इंजिनाच्या उष्णतेत बसवले. तापले की ते धावत्या गाडीत बंद पडते, अशा तक्रारी आल्या. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेले. २००० मध्ये न्यायाधीशांनी कंपनीविरुद्ध निर्णय दिला आणि २००१ मध्ये तडजोड झाली. फोर्डने दोष मान्य केला नाही. तक्रारदारांची अडचण अशी की, गाडी गॅरेजात पोचेपर्यंत मोड्यूल थंड झालेले असे, आणि थंड मोड्यूल तपासणीत निर्दोष ठरे.