फिनिश भाषेतली 'पार्टिटिव्ह' विभक्ती: गाडी दुरुस्त झाली की नुसती उघडून ठेवली?

चाकणच्या एखाद्या गॅरेजमध्ये शिफ्ट बदलताना मेकॅनिक सांगतो, "गाडी दुरुस्त केली." म्हणजे काम संपलं. तोच "गाडी दुरुस्त करत होतो" म्हणाला, तर पुढच्या माणसाला बाह्या सरसावाव्या लागतात. मराठीत हा फरक क्रियापद सांगतं. फिनिशमध्ये तो 'गाडी' या नामावर दिसतो.

फिनिशमध्ये गाडीला 'आउतो' म्हणतात. 'कोर्यासिन आउतोन' म्हणजे गाडी दुरुस्त केली, काम फत्ते. 'कोर्यासिन आउतोआ' म्हणजे गाडीवर काम करत होतो, झालं की नाही ते माहीत नाही. क्रियापद दोन्हीकडे तेच, बदलला फक्त शेवटचा प्रत्यय. हा '-आ' पार्टिटिव्हचा. काही शब्दांना त्याऐवजी '-ता' किंवा '-त्ता' लागतो.

शिकारीचं उदाहरण तर जिवावरचं आहे. 'अम्मुइन कार्हुन' म्हणजे अस्वल गोळी घालून मारलं. 'अम्मुइन कार्हुआ' म्हणजे अस्वलावर गोळी झाडली. ते अजून जिवंत असू शकतं!

फिनिशमध्ये परंपरेने १५ विभक्त्या मानतात. मराठी माणसाला पार्टिटिव्ह पाहून आपला 'ला' आठवतो, पण तुलना फसवी आहे. 'मुलाला पाहिलं' आणि 'गाडी पाहिली' यांत 'ला' येणं-न येणं बरंचसं सजीव-निर्जीवावर ठरतं, काम पुरं झालं का यावर नाही. पार्टिटिव्हच्या जवळ जाणारं मराठीत काही असेल, तर ते 'चहा प्यायला' आणि 'चहा पिऊन टाकला' यांतलं अंतर.

याच विभक्तीची आणखी कामं आहेत. थोडा भाग सांगायचा असेल, तर तीच: दुकानातून 'थोडं दूध' आणलं की 'माइतोआ'. नकार आला की कर्म पार्टिटिव्हमध्येच. एकाहून मोठ्या संख्येनंतरही तीच, आणि तीही एकवचनात: 'काक्सी आउतोआ', म्हणजे शब्दशः 'दोन गाडी'. प्रेम करणं या क्रियापदालाही हीच लागते.

पिंपरी-चिंचवडहून फिनलंडला जाऊन तिथलं नागरिकत्व घ्यायचं ठरवलं, तर साधारणपणे फिनिश किंवा स्वीडिश येत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. फिनिश निवडणाऱ्याची पार्टिटिव्हपासून सुटका नाही. त्यातून फिनिशला वेगळा भविष्यकाळ नाही, ते कामही बऱ्याचदा विभक्तीच करते. 'कोर्यान आउतोआ' म्हणजे सध्या गाडीवर काम चालू आहे. 'कोर्यान आउतोन' म्हटलं, तर बहुधा गाडी दुरुस्त करून देण्याचा शब्द दिला.