माप आणि कलप

इतिहासावर बोलावयाचें म्हटलें म्हणजे लढाया, तह आणि सनावळ्या यांचीच अपेक्षा असते, आणि अडतीस वर्षें मींहि मुलांकडून त्याच घोकून घेतल्या. आज ज्या विषयावर बोलावयाचें आहे तो मात्र मला एका कापडाच्या दुकानांत सुचला.

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या भाचीचें लग्न निघालें. मी कऱ्हाड तालुक्यांतला, लग्न सांगलीस. खरेदीहि तेथेंच करावी म्हणून आम्ही उभयतां एका मोठ्या तयार कपड्यांच्या दुकानांत गेलों. माझी छाती आज शेचाळीस इंच भरते आणि पोटाचा घेर त्याहून अधिक. पत्नीचें शरीरहि पहिल्यापासून स्थूलच. तिला साडीवर एक तयार ब्लाऊज हवा होता. दुकानांतील मुलानें टेपाला हात न लावतां तिच्याकडे एकवार पाहिलें आणि माडीकडे तोंड करून हांक दिली, "वर बघ रे, डबल एक्सेलच्या पुढचं कांहीं आहे का?" माडीवरून उत्तर आलें, "संपलं!" आसपासच्या दहापांच माना वळल्या. मुलगा स्वभावानें वाईट नव्हता. त्यानें समजुतीच्या स्वरांत सांगितलें, "काकू, तुमच्या मापाचं येतच नाहीं." पत्नी कांहीं बोलली नाहीं. घरीं आल्यावर म्हणाली, "अहो, लग्नाला तुम्हीच जाऊन या. माझी तब्येत बरी नाहीं म्हणून सांगा." तिची तब्येत ठणठणीत होती.

मीहि कांहीं शहाणा ठरलों नाहीं. लग्नांत जुने सोबती भेटणार, म्हणून केसांना कलप लावावयास घेतला. निम्मे डोकें झालें नाहीं तोंच कपाळ चुरचुरूं लागलें म्हणून धुवून टाकला. पण दुसऱ्या दिवशीं पापण्या सुजून डोळे मिटले. डॉक्टरांनीं पुन्हां कलपाचें नांव काढूं नका म्हणून बजावलें. याप्रमाणें लग्न आठ दिवसांवर आलें असतां घरांत दोन माणसें तोंड लपवून बसलीं. सूज उतरल्यावर मीं कपाटांतील पुस्तकें काढलीं आणि एवढेंच पाहावयाचें ठरविलें कीं, आम्हां दोघांच्या लाजांपैकीं जुनी कोणती आणि नवी कोणती.

माझी लाज फारच जुनी निघाली. सहाव्या शतकांत उज्जयिनीच्या बाजूस होऊन गेलेल्या वराहमिहिरानें 'बृहत्संहिता' लिहिली. ग्रहगति, पर्जन्य, वास्तुविद्या, रत्नपरीक्षा अशा विषयांबरोबर तींत सुगंधी द्रव्यांवरहि एक अध्याय आहे, आणि त्याचा आरंभच कलपानें होतो. ज्याचे केस पांढरे झाले त्याच्या अंगावर माळा, सुगंध, वस्त्रें, अलंकार कांहींच शोभत नाहीं, असें हा ज्योतिषी निर्धास्तपणें लिहून जातो. पुढें कृति दिली आहे. कोद्रव, म्हणजे आपल्याकडील हरीक, लोखंडी भांड्यांत आंबट द्रवांत लोहचूर्णासह शिजवावे, बारीक वाटून डोक्यास लावावे आणि ओल्या पानांनीं डोकें गुंडाळून दोन प्रहर बसावें. मग तें काढून आवळ्याचा लेप द्यावा आणि पुन्हां दोन प्रहर पानें बांधावीं. एकूण चार प्रहर, म्हणजे बारा तास! शेवटीं लोखंडाचा आणि आंबटाचा वास घालविण्यासाठीं सुगंधी पाण्यानें न्हावें.

ही कृति वाचतांना मला वडील घरीं करीत त्या शाईची आठवण झाली. हिरड्याच्या काढ्यांत हिराकस घातला कीं काळी शाई तयार होते. तुरट पदार्थ आणि लोह यांचा संयोग काळा होतो, हेंच शाईचें आणि त्या कलपाचें इंगित. मेंदी आणि आवळकाठी लोखंडी कढईंत रात्रभर भिजत ठेवणाऱ्या आमच्या गांवच्या बायकांनीं वराहमिहिराचें नांवहि ऐकलेलें नसेल. कढई मात्र तीच आहे.

केस कां पिकतात याचेंहि उत्तर जुन्या ग्रंथांत आहे. क्रोध, शोक आणि श्रम यांमुळें शरीरांतील उष्मा आणि पित्त डोक्यांत जाऊन केस पिकवितात, असें सुश्रुताचें म्हणणें. शाळामास्तराच्या धंद्यांत या तिहींची कधीं वाण पडत नाहीं! आजचें शास्त्र वय आणि आनुवंशिकता यांना मुख्य कारण मानतें. केसाच्या मुळाशीं रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींचा सांठा संपला कीं केस पांढरा उगवतो. तथापि २०२० सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, तीव्र ताण पडला असतां मज्जातंतूंच्या द्वारें हा सांठा झपाट्यानें रिता होतो. म्हणजे सुश्रुताचें बोलणें अगदींच टाकाऊ नव्हे.

बारा तासांचें काम अर्ध्या तासावर आलें तें कापडाच्या रंगाऱ्यांमुळें. १८५६ सालीं पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज तरुणाला दगडी कोळशाच्या डांबरांतील द्रव्यांवर प्रयोग करतांना जांभळा रंग सांपडला, आणि कृत्रिम रंगांचें युग सुरू झालें. त्याच कुळांतील पॅराफेनिलीनडायअमाइन हें द्रव्य पुढें केसांसाठीं वापरांत आलें. १९०७ च्या सुमारास पॅरिस येथें यूजीन श्युएलर या रसायनशास्त्रज्ञानें केसांचा रंग तयार करून न्हाव्यांना विकण्यास आरंभ केला; लॉरिआल कंपनीचा पाया त्यानेंच १९०९ सालीं घातला. हें द्रव्य कित्येकांच्या कातडीला मानवत नाहीं. बाजारांतील 'काळ्या मेंदी'च्या पुड्यांतहि पुष्कळदां तेंच मिसळलेलें असतें. रंग आधीं थेंबभर कानामागें किंवा कोंपरावर लावून अठ्ठेचाळीस तास वाट पाहावी, असें पुडीवर बारीक अक्षरांत छापलेलें असतें. 'सूचना नीट वाचा' असें जन्मभर मुलांना सांगणाऱ्या मीं ती सूचना सूज आल्यावर वाचली.

पिकल्या केसांची लाज सर्वांनाच वाटली असें मात्र नाहीं. आमच्याच तालुक्यांतील काले या गांवीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांची पांढरी दाढी साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीची होती. आमच्या शाळेंतील त्यांच्या तसबिरीपुढें मीं किती वर्षें प्रार्थना म्हटली, तरी कलपाची पुडी घेतांना ती दाढी मला आठवली नाहीं.

आतां पत्नीच्या लाजेकडे वळूं. स्थूलपणाची निंदा जुन्या ग्रंथांत आहे, हें कबूल केलें पाहिजे. चरकानें अतिस्थूल मनुष्यास आठ निंदित पुरुषांत बसविलें आहे. पण त्याच पंक्तींत अतिकृश आहे, फार उंच आहे, फार ठेंगूहि आहे; आणि तो सगळा विचार रोगाचा आहे, वस्त्राचा नाहीं. इकडे वाईस जाऊन पाहावें, तर गणपतराव रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधविलेल्या कृष्णाकांठच्या देवळांतील भव्य गणपतीला लोकांनीं 'ढोल्या' हेंच नांव दिलें आहे, आणि त्यांत कोणास अनादर वाटत नाहीं.

अंगावर कपडा बसत नाहीं, ही तक्रार मात्र मला जुन्या लिखाणांत कोठें भेटली नाहीं. आणि तिचें कारण आपल्या पेहेरावांतच आहे. लुगडें नऊवार, धोतर पांचवार. त्यांना लांबीरुंदी असते, माप नसतें. सोळाव्या वर्षीं नेसलेलें लग्नाचें लुगडें साठाव्या वर्षीं त्याच बाईला होई. फार तर निऱ्या चार कमी पडत. चोळी शिवलेली खरी, पण तिचीं टोंकें पुढें गांठ मारून बांधावयाचीं. गांठ अलीकडे मारा कीं पलीकडे. पुरुषांच्या बाराबंदीला नांवच बंदांवरून पडलें. जेवण अधिक झालें तर बंद सैल सोडतां येतो. बटणाची गोष्ट वेगळी. त्याला काजाखेरीज दुसरी जागा नाहीं. बंद जाऊन बटण आलें तेव्हांच माझ्या मतें या कथेला प्रारंभ झाला.

तरीहि बटणाचे कपडे गांवचा शिंपी अंगावर बेतून शिवीत होता, तोंपर्यंत निभावलें. शिंप्यांच्या बोलींत एक सुंदर शब्द आहे. शिवणीच्या आंत जें जास्तीचें कापड दुमडून ठेवतात त्याला ते 'माया' म्हणतात. मूल वाढेल, बाई बाळंतपणानंतर भरेल, म्हणून आंत दोन बोटें माया ठेवावयाची. पुढें उसवून शिवण बाहेर घेतली कीं तोच कपडा पुन्हां अंगाला येई. माझ्या शाळेच्या सदऱ्याची माया तीनदां उसवलेली मला आठवते. प्रत्येक खेपेस जुन्या शिवणीची रेघ कापडावर गडद दिसे, आणि त्यावरून मीं किती वाढलों तें मोजतां येई.

कारखान्यांत हें चालत नाहीं. हजारों नग एकाच वेळीं कापले जातात आणि प्रत्येक नगामागें वांचलेलें दोन बोटें कापड म्हणजे नफा. अमेरिकेंतील यादवी युद्धांत, १८६१ ते १८६५ या काळांत, सैनिकांच्या गणवेशांसाठीं मापें घेतलीं गेलीं आणि त्यांतून पुरुषांच्या तयार कपड्यांचे आंकडे रूढ झाले. स्त्रियांचा विचार पुष्कळच उशीरां झाला. १९३९-४० सालीं अमेरिकेच्या शेतकी खात्यानें सुमारें १५,००० स्त्रियांचीं, प्रत्येकीचीं पन्नासांहून अधिक, मापें घेतलीं. त्यांतहि हिशेबासाठीं गोऱ्या स्त्रियांचींच धरलीं. आपल्या देशांतील दुकानांत जे आंकडे आणि अक्षरें लटकतात तीं बहुतांशीं विलायती आणि अमेरिकन कोष्टकांवरून घेतलेलीं आहेत. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनें सहा शहरांतून २५,००० भारतीय स्त्रीपुरुषांचीं मापें घेण्याची योजना आंखली ती अगदीं अलीकडे. त्या सहांत मुंबई आहे. सातारा-सांगलीच्या शेतांत राबून रुंदावलेल्या खांद्यांची गणना त्यांत होईल असें दिसत नाहीं.

शिवाय मोठें माप काढण्याची कारखान्याची रीत पाहा. मध्यम शरीराचा एक नमुना घ्यावयाचा आणि तो सर्व बाजूंनीं ठराविक प्रमाणांत वाढवीत न्यावयाचा. पण माणसाचें पोट वाढलें म्हणून त्याचे हात लांब होत नाहींत! म्हणून माझ्या पोटाला होणाऱ्या सदऱ्याच्या बाह्या बोटांच्या टोंकांवर येतात आणि खांदा दंडावर उतरतो. हा दोष कोष्टकाचा असतां मीं तो चाळीस वर्षें माझ्या जेवणाचा समजत आलों.

या प्रश्नाला उलट्या बाजूनें भिडणारे एक पुरुष आमच्याच मुलखांत होऊन गेले, त्यांचा उल्लेख करावयास हवा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८-१९५१) यांनीं सूर्यनमस्काराचा प्रसार हें जीवितकार्य मानलें. संस्थानच्या शाळांतून, मुलींच्या शाळाहि धरून, नमस्कार सुरू केले आणि त्यावर पुस्तकें लिहिलीं. शरीर वस्त्रासाठीं नव्हे तर आरोग्यासाठीं कमवावें, असा त्यांचा उपदेश होता, आणि तो उत्तम आहे. मींहि मुलांबरोबर रोज नमस्कार घातले. प्रकृति चांगली राहिली, पोटहि राहिलें.

हें सारें मीं पत्नीला वाचून दाखविलें. चरकाचें नांव काढतांच ती उठून चहा करावयास गेली. अमेरिकेंतील बायकांच्या मापांपाशीं मात्र परत येऊन बसली. "म्हणजे त्या कोष्टकांत मी नव्हतेंच," एवढेंच म्हणाली. दुसऱ्या दिवशीं आम्ही आमच्या पेठेंतल्या जुन्या शिंप्याकडे गेलों. आतां त्याच्याकडे नवे कपडे शिवावयास फारसें कोणी येत नाहीं. विजारीची उंची कमी करणें, चेन बदलणें यांवर त्याचें पोट चालतें. त्यानें टेप काढला, मापें घेतलीं, एकहि आंकडा मोठ्यानें न उच्चारतां वहींत टिपले आणि विचारलें, "वहिनी, माया किती ठेवूं?" पत्नी म्हणाली, "ठेवा चांगली दोन बोटं."

ब्लाऊज लग्नाच्या आदल्या रात्रीं मिळाला. मंडपांत ती पहिल्या ओळींत, वरमायेच्या शेजारीं बसली होती. माझे केस अर्धे काळे आणि अर्धे पांढरे असे चमत्कारिक झाले होते, पण वधूपक्षाकडील सर्व पुरुषांना फेटे बांधीत होते. बांधणाऱ्यानें मला खुर्चीवर बसविलें, कापडाचें एक टोंक दांतांत धरलें आणि कांहीं न विचारतां गुंडाळावयास सुरुवात केली.