व्यसन आणि विसनम्

संस्कृतातला ‘व्यसन’ हा शब्द तमिळमध्ये ‘विसनम्’ झाला आणि तिथे त्याचा अर्थ उरला दुःख. मराठीत तो दारूला, तंबाखूला, गर्दला चिकटला. अनुवाद करताना हा फरक सांभाळावा लागतो. कुंभकोणमच्या परिसराचा अलीकडचा इतिहास वाचताना मात्र दोन्ही अर्थ एकत्र येतात.

शांती रंगनाथन यांचे पती दारूपायी गेले. त्यानंतर १९८० साली त्यांनी चेन्नईत पतीच्या नावाने व्यसनमुक्तीची संस्था काढली. पण कावेरीच्या मुखाकडच्या शेतमजुराला रोजगार बुडवून चेन्नईत राहणं कसं परवडणार? म्हणून १९८९ पासून संस्थेने कुंभकोणमच्या आग्नेयेला, कुडवासलजवळच्या मंजक्कुडी गावात पंधरा दिवसांची शिबिरं भरवायला सुरुवात केली. डॉक्टर आणि समुपदेशक बाहेरून येत. जागेची सोय करणं, पिणाऱ्यांना शिबिरापर्यंत आणणं, नंतर त्यांच्याकडे लक्ष ठेवणं यात स्थानिकांचा वाटा होता.

याच दशकात मुंबई-पुण्यात गर्दने तरुण पोरं गिळायला सुरुवात केली होती. अनिल अवचटांचे त्यावरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांच्या मदतीने डॉ. अनिता अवचटांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू केलं. तिथे बरे झालेले रुग्णच कार्यकर्ते झाले, बायकांसाठी ‘सहचरी’ गट उभा राहिला, आणि पुण्याबाहेरही पाठपुराव्याच्या बैठका होऊ लागल्या. मंजक्कुडीत उपचार गावात गेला, पुण्यात गावाला उपचारामागे यावं लागलं. दारू किंवा गर्द शरीरातून काही दिवसांत उतरते, खरी परीक्षा घरी परतल्यावर असते, हे दोघांनीही ओळखलं होतं.

मात्र २००३ पासून तमिळनाडूत दारूची किरकोळ विक्री सरकारी टासमॅक महामंडळाकडेच आहे. शिबिरातून घरी निघालेल्या माणसाच्या वाटेवर आता सरकारचंच दुकान असतं. अशा वेळी ‘लोकसहभाग’ या शब्दाचं कौतुक जरा जपून करावं. पैसा तिजोरीत जातो आणि राखण घरच्या बाईकडे येते. तिच्या वाट्याला जे येतं, त्याला तमिळमध्ये आधीपासूनच शब्द आहे.