दुखापतींची मोजदाद : पोलीस ठाणे ते आरोग्यखाते

प्लेग, पटकी, देवी यांसाठी वसाहतकालीन भारतात आरोग्यव्यवस्था उभी राहिली. विहिरीत पडून मेलेल्याची किंवा यंत्रात हात सापडलेल्याची नोंद मात्र मुख्यत्वे पोलीस ठाण्यात होत राहिली. या विभागणीचे परिणाम आजच्या आकडेवारीतही दिसतात.

1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 320 ने 'गंभीर दुखापत' कशास म्हणावे हे ठरविले. अस्थिभंग झाला, किंवा जखमी मनुष्य वीस दिवस नित्याचे व्यवहार करू शकला नाही, तर दुखापत गंभीर. 2023 च्या भारतीय न्याय संहितेने ही मुदत पंधरा दिवसांवर आणली. म्हणजे सतरा दिवस अंथरुणाला खिळलेला मजूर पूर्वी या निकषावर किरकोळ जखमी ठरला असता, आता गंभीर ठरतो, जखम तीच! 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 174 ने माणूस, प्राणी, यंत्र वा अपघात यांमुळे झालेल्या मृत्यूची चौकशी पोलिसांकडे सोपविली. 'अकस्मात मृत्यू'च्या नोंदीला दोषी कोण हे हवे असते. ती दुखापत टळली कशी असती, हा तिचा प्रश्न नव्हे.

हा दुसरा प्रश्न अमेरिकेत विचारला गेला. हार्वर्डमधील साथरोगतज्ज्ञ जॉन गॉर्डन यांनी 1949 मध्ये असे मांडले की रोगांप्रमाणेच अपघातांचाही व्यक्ती, कारक व परिसर या त्रयीतून अभ्यास करता येतो. विल्यम हॅडन या वैद्यकाने पुढे शरीरास सोसवणार नाही इतकी ऊर्जा हाच दुखापतीचा कारक मानला. अपघात झाला तरी दुखापत टाळता येते, हे त्यातून स्पष्ट झाले. शिरस्त्राण व आसनपट्टा यांचे समर्थन या विचारात आहे. नशिबाला बोल लावणाऱ्या समाजात तो रुजणे सोपे नव्हते.

भारतात अपघाती मृत्यूंचा वार्षिक अहवाल 1967 पासून निघू लागला, तोही पोलिसी नोंदींवर आधारलेला. रस्त्यांवर 1970 मध्ये सुमारे 14,500 माणसे मेली होती. 2022 मध्ये 1,68,491. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश 18 ते 45 वयोगटातील, अर्थात घरातील कमावती माणसे होती. जगभरात दुखापतींमुळे दरवर्षी सुमारे 44 लाख मृत्यू होतात, एकूण मृत्यूंच्या जवळपास 8 टक्के.

आणि जे नोंदीतच येत नाहीत त्यांचे काय? सर्पदंश हीदेखील वैद्यकीय वर्गीकरणात बाह्य कारणाने झालेली इजाच. 2005 साली त्याने सुमारे 46,000 भारतीय दगावले, असा अंदाज घरोघर जाऊन केलेल्या पाहणीवरून 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयांचा अधिकृत आकडा त्याच्या तिसाव्या हिश्श्याहूनही कमी होता, कारण बहुतेक मृत्यू रुग्णालयाबाहेर झाले होते. जे वाचले, पण हात वा पाय गमावून बसले, त्यांची गणना तर याहूनही विरळ.

2021 मध्ये रस्ते अपघातांची एकात्मिक नोंदप्रणाली महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू झाली. एकाच अपघाताची माहिती पोलीस, परिवहन, रस्तेबांधणी आणि आरोग्य हे चारही विभाग तीत भरतात.